शेजारणीचा आकडा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे, दोन वेळा नीट जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

माझं काम काय, असं तू विचारलंस. लोक घरात वीज वाचवायचं कसं ठरवतात, ते आम्ही कॉम्प्युटरवरच्या खेळातून तपासतो. खेळणाऱ्याला पडद्यावर एक घर मिळतं, आतल्या माणसांसकट. जुना फ्रिज बदलायचा का, हीटर किती लावायचा, हे त्याने ठरवायचं. शेजारच्या घरात किती वीज जळते, तो आकडाही त्याला दिसावा, ही कल्पना माझी. मीटिंगमध्ये मांडली मात्र पलीकडच्या टेबलावरच्या, साहेबांच्या लाडकीने. शाबासकीही तिलाच. माझा नुसता तिळपापड झाला.

मग चाचणीसाठी आम्हा दोघींनाच खेळात शेजारणी केलं. तिचा आकडा माझ्याहून कमी दिसला की मी आणखी एक बटण बंद करायची. शेवटी हीटरही बंद केला आणि जिंकले! तेवढ्यात साहेब मागून म्हणाले, "अहो, तुमच्या घरातली आजी गारठून दवाखान्यात गेलीय!"

सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मीही यांच्याच आकड्यावर डोळा ठेवून होते. आणि साहेब, ती कल्पना यांची होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

आता अहवालावर दोघींची नावं आहेत. तिचं आधी, माझं नंतर. खरं सांगू ताई? ते बघून अजून पोटात दुखतं. आईला एवढंच सांग, पोरीचं नाव छापून आलंय.

भाच्यांना पापे.

तुझीच,
धाकटी