गुलाबी झालेली जाकिटं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनातच घातला, पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? बीपी आणि सूनबाई दोन्ही सध्या ताब्यात असल्याचं तुझ्या धाकट्याकडून कळलं, जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. ते कुणाच्या कृपेने, हे सांगायलाच लिहायला बसलोय.

माझी लाँड्री वरच्या आणि खालच्या गल्लीच्या बरोबर मध्ये, हे तुला ठाऊक आहेच. मागच्या वर्षी दोन्हीकडच्या पोरांत दगडफेक झाली आणि वरच्या गल्लीतल्या क्रेनवाल्याच्या भावाचा एक डोळा गेला. (या क्रेनवाल्याला सगळे कंदील म्हणतात, उंच आहे आणि लगेच पेटतो.) दगड कुणाचा ते कळलंच नाही. तेव्हापासून ही पोरं एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. कपडे मात्र सगळ्यांचे माझ्याकडेच, कारण जवळपास दुसरी लाँड्री नाही. वरच्यांची जाकिटं लाल, खालच्यांची पांढरीशुभ्र. ती नेमकी एकाच वेळी धुवायला आली आणि मी, वीज जायच्या आत उरकावं म्हणून, सगळी एकाच मशीनमध्ये कोंबली. (बायकोने बजावलं होतं. पण बायकोचं ऐकायची सवय असती तर माझं आयुष्यच वेगळं झालं असतं.) लाल जाकिटं लालच राहिली. पांढरी मात्र नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांसारखी गुलाबी निघाली.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी खालची टोळी जाकिटं न्यायला आली. पुढे त्यांचा रबर. (बेकरीत पाव भाजतो, कितीही आपटला तरी परत उभा राहतो.) जाकीट बघून त्याचा चेहराही त्याच रंगाचा झाला. "आमच्यावर त्या वरच्यांचा रंग चढवलात, काका? किती घेतले त्यांच्याकडून?" मी तोंड उघडतो तोच वरची टोळीही दारात हजर! कंदीलने सायकलची साखळी हाताला गुंडाळायला घेतली. आत्या, त्या क्षणी माझ्या हातात शस्त्र म्हणून काय होतं, तर इस्त्रीआधी पाणी मारायची बाटली.

आणि तेवढ्यात तुझी नात, म्हणजे माझी लेक, पुढे झाली. ही कॉलेजातून घरी यायचं सोडून जुन्या गोदामात हिप हॉपला जाते. (नाव ऐकून मला आधी कमरेचा आजार वाटला होता.) तिथे कुणी यमकं जुळवत भांडतं, कुणी डोक्यावर गरगर फिरतं, कुणी भिंती रंगवतं. मी या सगळ्याला थेरं म्हणत आलो. तर तिने इस्त्रीच्या टेबलावर थाप मारायला सुरुवात केली, धप्प-धप्प-टक, धप्प-धप्प-टक, आणि म्हणाली, "भांडायचंय ना? खुशाल भांडा. पण तालात, यमकात. जो हात उचलेल तो हरला."

मला वाटलं, आता आधी हिलाच धरतील. पण दोघंही चोरून तेच ऐकणारे निघाले! कंदीलने साखळी तशीच धरून सुरुवात केली, आणि विनोद राहिला बाजूला, भावाच्या डोळ्याचाच विषय काढला त्याने. भाऊ आता जिना उतरताना भिंत चाचपतो, हे तो तालात सांगत होता आणि त्याचा आवाज फाटत होता. टेबलावरची थाप तेवढी चालू. मग रबर खाली बघत म्हणाला,

"दगड माझा नव्हता, पण मीही होतो तिथं,
पळालो मी, तो पडला, तेच टोचतं इथं."

 बाटलीतून माझ्याच पायावर पाणी गळतंय, याचंही मला भान नव्हतं. रबरलाच ते सोसवेना. तो एकदम माझ्याकडे वळला.

"काकांच्या मशीनला पांढऱ्याचा राग,
जाकीट दिलं दुधाचं, झाली गुलाबाची बाग!"

आणि कंदील, ज्याला वर्षभरात कुणी हसताना पाहिलं नव्हतं, तो फिस्सकन हसला आणि म्हणाला,

"बागेचं काय घेऊन बसलास, भावा,
माझ्या पँटचा एक पाय गेलाय गावा!"

'भावा' हा शब्द यमकासाठी आला हे मान्य. पण सगळ्यांनी तो ऐकला, त्यानेही ऐकला, आणि त्याने तो मागे घेतला नाही. साखळी काउंटरवर ठेवली. पुढचा तासभर दोन्ही गल्ल्यांनी एकदिलाने माझी अब्रू धुतली. इतकी स्वच्छ मी आजवर एकही चादर धुतलेली नाही. जाताना रबर कंदीलबरोबर वर गेला, त्याच्या भावाला भेटायला. तिथे काय बोलणं झालं मी विचारलं नाही. काच शाबूत, डोकी शाबूत, आणि लेकीच्या हाताला फोड. त्यावर मलम लावताना मी तिला 'थँक्यू' म्हणालो. बापाने असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून ती आधी घाबरली.

आता गोदामात दर रविवारी दोन्ही गल्ल्या जमतात. कंदीलचा भाऊही येतो, ऐकतो, आणि म्हणे सगळ्यांत जहाल यमकं त्याचीच. बाकी क्षेम. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, सूनबाईंना दोन्ही.

तुझा भाचा

ता. क. : खरं काम राहिलंच. येत्या रविवारी मला उत्तर द्यायला बोलावलंय. मला यमक म्हटलं की फक्त 'साबण-रावण' सुचतं. तुझ्या जिभेला अख्खं घराणं टरकून असतं. तेवढ्या चार झणझणीत ओळी उलट टपाली पाठव.

ता. क. २ : लेकीने पत्र वाचलं. म्हणते, नियम कडक आहे, ज्याने लिहिलं त्यानेच म्हणायचं. तेव्हा ओळी पाठवू नकोस, तूच ये. आणि कवळी लावून ये. तुझी पहिली फेरी कंदीलशी ठरलीय.