यंत्राला न पटलेला निकानोर

स्प्रिंगडेल, आर्कान्सा
३ मार्च

ती. रुफिनाताईस निकानोरचा सा. न.

लिहीन लिहीन म्हणत दोन महिने ढकलले, कबूल. मधे ओक्लाहोमात घोडे धुतले. त्यातली एक घोडी अगदी आपल्या मावशीसारखी मान उडवायची, ते असो. आता इथं कोंबड्यांच्या कारखान्यात लागलोय. पण नव्या माणसाला इथं काम करायचा हक्क आहे का, हे सरकारी संगणकाला विचारतात. तो म्हणाला, माझं नाव आणि सरकारी ओळखकार्डावरचा नंबर जुळत नाही. मी जन्मानं टेक्सासचा असून! तेरा तारखेपर्यंत सरकारी कचेरीत जाऊन निस्तरलं नाही, तर काम गेलं.

रागावू नकोस, पण माझं कार्ड वर्षभर तुझ्या कपाटात होतं, आणि दाजींकडे या देशात राहायचे कागद नाहीत. माझ्या नंबरावर त्यांनी कुठं काम धरलं का? त्यांना म्हणावं, मिशी काढली म्हणून कुणी निकानोर होत नाही.

शिव्या दे, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा, निकानोर

आलामो, टेक्सास
७ मार्च

चि. निकानोर यास अ. आ.

माझे हात पिठात होते, म्हणून तुझं पत्र दाजींनीच वाचून दाखवलं. मग ताट सरकवून उठले. अरे शहाण्या, अर्जात आडनाव काय लिहिलंस? आपल्या रीतीनं आधी बाबांचं त्रेविन्यो, मग आईचं ओल्वेरा. कार्ड करताना कारकुनानं शेवटचं तेवढंच धरलं, तेव्हा सरकारदरबारी तू ओल्वेरा. तू लिहिलं असशील त्रेविन्यो! शाळेच्या स्वयंपाकघरात लागताना माझंही हेच झालं. जन्मदाखला दाखवल्यावर मिटलं. तुझा दाखला टपालात एकदा हरवला होता, म्हणून या वेळी खात्रीच्या माणसाहाती धाडते. दाजी तर बारा वर्षांत तुझ्याकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या फाल्फुरियासच्या चौकीपलीकडे गेले नाहीत. तिथं बिनकागदाच्या माणसाला गाडीतून उतरवून देशाबाहेर काढतात. ते कुठं जाऊन तुझा नंबर वापरणार?

लोभ आहेच, कान पिळायचा बाकी आहे.
तुझी ताई

स्प्रिंगडेल
११ मार्च

ती. ताईस सा. न.

आडनावाचं पटलं. मी त्रेविन्योच लिहिलं होतं. पण दाखला कुठाय? परवा शेवटचा दिवस, आणि कारखान्याच्या कचेरीतली बाई आतापासूनच माझ्या जागी कुणाला तरी शोधतेय. खरं सांग, दाजींनी दडवला ना? पत्र वाचून जो माणूस ताटावरून उठतो, त्याच्या मनात काहीतरी असणारच. मला तर

थांब, घरमालकीण हाक मारतेय, कुणीतरी आलंय म्हणे.

ताई, दाजी आलेत. शर्टाखालून दाखला काढून माझ्या हातात दिला. घामानं भिजलाय, पण अक्षर शाबूत आहे. चौकी कशी ओलांडली, ते मागनं विचारीन; आधी त्यांच्यापुढं ताट ठेवतो.