पाताळातून आखाजीला न आलेली मुलगी

जळगाव,
रविवार, दुपार

प्रिय जावईबापू बुद्धभूषण यांस,

सप्रेम जय भीम. तुमची पाठ कशी आहे? नव्या खुर्चीने आराम पडला, की आता खुर्चीलाच डॉक्टर लागणार? तुमच्या आईंना माझा जय भीम कळवा. आम्ही इकडे ठीक आहोत. सोनलचे पप्पा ठीक, कूलर ठीक, आणि ऊन तर आम्हा सगळ्यांपेक्षा ठणठणीत. आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया) जवळ आली. मागच्या आखाजीला सोनलच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं, त्याआधीच्या आखाजीला विमानाची तिकिटं परवडण्यासारखी नव्हती, आणि या आखाजीला काय आहे ते अजून आमच्या कानावर आलेलं नाही. हे आपलं सहज लिहिलं. पत्र त्यासाठी नाही.

पत्र आभाराचं आहे. माझ्या वाढदिवसाला तुम्ही आठवणीने इंग्रजी कादंबरी पाठवलीत, "मम्मी, तुम्ही कॉन्व्हेंटच्या, तुम्हाला ग्रीक गोष्टी आवडतात" अशी चिठ्ठीही ठेवलीत, त्याचं मला फार अप्रूप वाटलं. फोनवरच आभार मानणार होते. पण फोनवर तुम्ही लगेच "आवडली का?" विचारलं असतं, आणि मला तोंडावर खोटं बोलता येत नाही. कागदावर निदान विचार करून बोलता येतं. तर विचार करून सांगते, नाही आवडली.

रागावू नका. दोष तुमचा नाही, सिस्टर फिलोमिनांचा आहे. आम्ही भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मुली, वडील गार्ड, घरी ज्वारीची भाकरी आणि शाळेत टाय. सिस्टर मंगळूरकडच्या. सहावीला शेवटच्या तासाला त्या पुस्तक मिटून ग्रीक गोष्टी सांगायच्या. त्यांतली माझी लाडकी गोष्ट म्हणजे धान्याच्या देवीची, डिमीटरची. तिची मुलगी पर्सेफनी फुलं तोडत असताना जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा तिला रथात घालून घेऊन जातो. आई मशाल हातात घेऊन पृथ्वीभर शोधत फिरते आणि तिच्या दुःखाने शेतात काही उगवेनासं होतं. शेवटी देव घाबरतात आणि त्यांचा निरोप्या मुलीला आणायला पाताळात जातो. (मी हात वर करून सांगितलं होतं, "सिस्टर, आमच्याकडे सासरहून मुलीला आणायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात." त्यांना हे इतकं आवडलं की पुढे वर्षभर ग्रीसचा तो देव आमच्या वर्गात मुराळीच होता.) पण मुलीने तिकडे डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, त्यामुळे वर्षातले काही महिने तिला नवऱ्याकडे राहावं लागतं आणि उरलेले ती आईकडे येते. इथवर आलं की सिस्टर खिडकीबाहेर बघायच्या. यार्डातून दक्षिणेकडे जाणारी एक गाडी त्याच सुमाराला सुटायची. आम्हाला वाटायचं, सिस्टर घंटेची वाट बघताहेत. ती घंटेची वाट नव्हती हे मला सोनलचं लग्न झाल्यावर कळलं.

आता तुमची कादंबरी. पहिली गोष्ट, त्यात ग्रीस नाही. समुद्र नाही, ऑलिव्हचं झाड नाही, साधी एक बकरी नाही. पाताळात काळी मोटार आहे, व्यायामशाळा आहे आणि कॉफीचं मशीन आहे. तीन डोक्यांचा तो भयंकर कुत्रा सोफ्यावर उताणा पडून पोट खाजवून घेतो. राजाचा जबडा धारदार आहे. हे एकदा सांगून भागत नाही, दर दोन पानांनी जबडा येतो. शिवाय तो हसतो तेव्हा ओठाचा एकच कोपरा वर जातो. (आमच्या गल्लीतल्या गुलाबताईंच्या दिरांना असं व्हायला लागलं तेव्हा आम्ही त्यांना ताबडतोब डॉक्टरांकडे नेलं होतं.) ती पोरगी तर सारखी श्वास रोखते, आणि श्वास रोखला होता हे तिला तो सोडल्यावर कळतं. अठरा वर्षांची धडधाकट मुलगी, तिला दम्याचा त्रास आहे असं मला सत्तराव्या पानापर्यंत खरंच वाटत होतं.

धुळ्याला एका लग्नाला निघाले होते म्हणून पुस्तक एसटीत घेतलं. शेजारी आमच्या गल्लीतले रतिलालभाई होते, कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन. "काय वाचता ताई?" मी म्हटलं, ग्रीक देवादिकांचं आहे. झालं. देवाचं पुस्तक पायाशी पिशवीत ठेवू नका म्हणून त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, कपाळाला लावलं (मुखपृष्ठावर तो राजा हातात डाळिंब धरून अर्ध्या बटणांच्या शर्टात आहे, तुम्ही पाहिलंच असेल) आणि एरंडोलपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. एरंडोल सुटल्यावर त्यांना दोन ओळी वाचाव्याशा वाटल्या. भाईंना इंग्रजी येतं हे मला माहीत नव्हतं. पारोळ्याच्या आधी त्यांनी पुस्तक मिटून अलगद माझ्या हातात दिलं आणि धुळे येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना एवढंच म्हणाले, "त्यांचे देव वेगळे, ताई." तेव्हापासून ते मला लांबूनच नमस्कार करतात.

तरीही मी हिंमत सोडली नाही. द्रौपदाबाईंच्या घरी सध्या दुपारी उडदाचे पापड चालू आहेत. मी लाटलेला पापड महाराष्ट्राच्या नकाशासारखा होतो म्हणून माझ्याकडे वाचनाचं काम असतं. तुम्हाला द्रौपदाबाई आठवत असतील, सोनगीरकडच्या, तुमच्या लग्नात ज्यांनी तुम्हाला "जवाई बारीक शे" म्हटलं त्या. जावयाने पाठवलेलं पुस्तक म्हणून मिरवत नेलं आणि वाचता वाचता मराठी करून सांगायला लागले. पहिल्या दुपारी फार रंगलं. स्थळ आल्यासारखीच चौकशी सुरू झाली.

"राजाले वावर कितलं शे?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, जमिनीखालची सगळी जमीन त्याचीच.

"एवढ्या खाली म्हणजे पाणी लागलेलंच असणार," गुलाबताई म्हणाल्या. "द्यायला हरकत नाही. वयात अंतर किती?"

काही हजार वर्षं, म्हटल्यावर लाटणी थांबली. मग गुलाबताईंनीच तोडगा काढला की एवढी वर्षं थांबला म्हणजे व्यसन नसेल.

दुसऱ्या दुपारी ते प्रकरण आलं. आधी वाचून ठेवायला हवं होतं, पण मला वाटलं राजवाड्याचं वर्णन आहे. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की राजवाड्याचं नाही. समोर सात बायका, पीठ लागलेले हात, सगळ्यांचे कान माझ्याकडे. मी चष्मा सावरला आणि वाचलं, "मग राजा आणि ती पाताळातल्या पाणीटंचाईवर बोलू लागली." विहिरी झाल्या, बोअर झाले, गाळ काढणं झालं, ठिबकवर अनुदान मिळेल का तेही झालं. प्रकरण संपेना.

"तीन पानं पलटी ग्यात," द्रौपदाबाई म्हणाल्या, "आन् बठ्ठा पाणीनाच इचार?" आणि सगळ्या जणी इतक्या हसल्या की एका पापडावर दुसरा लाटला गेला.

हे सगळं मी सोसलं असतं, जावईबापू. माझी निराशा पुढेच आहे. चाळिसाव्या पानानंतर आई गायब आहे. बायका रोज विचारायच्या, "तिनी माय कोठे गयी?" मी म्हणायची, येईल, मशाल घेऊन निघाली असेल. ती निघालीच नाही. या कादंबरीत ती एक खाष्ट बाई आहे. मुलीला काचेच्या घरात वाढवते, आणि मुलगी पाताळात गेल्यावरही वाटेतल्या प्रत्येक फुलातून तिला विचारते, उठलीस का, जेवलीस का, पोचलीस का. मुलगी वैतागून फुलं खुडते, डाळिंब स्वतःच मागून घेते, पोटभर खाते, आणि शेवटच्या पानावर सिंहासनावर बसते. कुणी मुराळी जात नाही. ती परत येतच नाही.

हे मी त्या बायकांना कसं वाचून दाखवू? आमच्याकडे ग्रीसच्या उलट आहे. शेतं उघडी पडतात, जमीन भाजून निघते, आणि नेमक्या तेव्हाच, आखाजीला, मुली माहेरी झोका खेळायला येतात. त्या सणाची गौराई आम्ही बसवत नाही, पण मुलगी आणि झोका यांना कुणाची हरकत असायचं कारण नाही. म्हणून शेवटची पानं मी मनाने वाचली. मुराळी गेला, राजाने जरा तोंड वाकडं केलं (ओठाचा एकच कोपरा), मग स्वतः रथ जोडून दिला. मुलगी आली, आईने खापरावरची पुरणपोळी केली, निंबाला झोका बांधला. गुलाबताईंनी पदराने डोळे पुसले. डोळ्यांत पीठ गेलं, पण ते नंतर.

तेवढ्यात द्रौपदाबाईंची नात रोशनी कॉलेजातून आली. तिने ही कादंबरी वाचलेली निघाली. "मावशी, असं नाहीये त्यात," ती म्हणाली. "ती येत नाही. तिला यायचंच नसतं."

"आखाजीले बी नही उनी?" द्रौपदाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "हाई कसानी कथा शे?" मग माझ्याकडे वळून, "मंग बठ्ठं तुना मनमानं व्हतं का?"

मी मान हलवली. त्या म्हणाल्या, तेच चांगलं व्हतं. पण रोशनी ऐकेना. "आजी, तिची आई तिला श्वास घेऊ देत नाही. दिवसभर फुलं, दिवसभर जेवलीस का. कुणीपण पाताळात जाईल."

मी हसले आणि चहा न घेता घरी आले. फोन उघडला. सोनलला मी रोज सकाळी एक गुलाब पाठवते, शुभ सकाळ लिहिलेला. दुपारी मोगरा, जेवलीस का. रात्री कमळ, पोचलीस का. बोटाने वर सरकवत गेले, तर सगळी बागच बाग. त्यात सोनलची उत्तरं अधूनमधून, अंगठा, अंगठा, अंगठा. तेव्हापासून मी फुलं बंद केली आहेत.

तर आता पुस्तकाबद्दल विचारायचं होतं ते विचारते. हे तुम्ही सहज पाठवलंत, की सोनलने सुचवलं? म्हणजे काही सांगायचं होतं, आणि सरळ सांगणं जड गेलं म्हणून? तसं असेल तर मी समजू शकते. तुम्हाला मी पाताळाचा राजा मुळीच म्हणत नाही (तुम्ही चौदाव्या मजल्यावर राहता). सोनल तिकडे सुखात आहे हे मला तिच्या आवाजावरून कळतं. फक्त डाळिंबाचे सगळेच दाणे खाल्लेत का, की थोडे इकडच्यासाठी शिल्लक आहेत, एवढं कळलं असतं तर मी दारातल्या निंबाच्या झोक्याच्या फांदीचं बघितलं असतं. ती छाटायला माणूस येणार आहे.

पाठीला जपा. सोनलला सांगा, काही नाही, सांगू नका.

तुमच्या
सासूबाई, दीपमाला

ता. क. आज सोमवारी पाकीट चिकटवत होते तेवढ्यात सोनलचा फोन आला, तोही भर कामाच्या वेळात. "मम्मी, फुलं का बंद झाली? पप्पा बरे आहेत ना? तू बरी आहेस ना? मला खरं सांग." मी म्हटलं, तुला श्वास घ्यायला जागा देते आहे. ती म्हणाली, "मम्मी, तू उन्हात फिरलीस का?" मग पुस्तकाचं विचारलं, तर म्हणाली, तिला ठाऊकही नव्हतं, तुम्ही दुकानात जाऊन "सासूबाईंसाठी ग्रीक काहीतरी द्या" म्हणालात आणि मुखपृष्ठावर फळ आहे म्हणून ते उचललंत. तेव्हा वरचा शेवटून दुसरा परिच्छेद वाचू नये. वाचला असल्यास विसरावा. फांदी मी तूर्त छाटू दिलेली नाही.

ता. ता. क. रोशनीने आता सांगितलं की ही कादंबरी तीन भागांची आहे आणि दुसऱ्या भागात मुलगी आईकडे येते. हे त्यांनी पहिल्या भागावर ठळक छापायला हवं होतं. माझं आणि द्रौपदाबाईंचं रक्त आटलं नसतं. तर मला दुसरा भाग हवा आहे. रोशनी फोनवरून मागवून देत होती, मी नको म्हटलं. कुरिअरवाल्याला आमची गल्ली सापडत नाही. (तो रोज आमच्याच निंबाच्या सावलीत गाडी लावून डबा खातो, पण ते जाऊ द्या.) पुस्तक कुणाच्या तरी हातीच पाठवा. आखाजीच्या सुमाराला इकडे येणारं तुमच्या ओळखीत कुणी आहे का, बघा. घरातलं असलं तरी चालेल. आणि तिला एकटीला बॅगा जड होणार असतील, तर मुराळी म्हणून तुम्हीच या. पाताळाच्या राजाने स्वतः मुराळी होऊन यायची पद्धत ग्रीसमध्ये नसेल, पण त्यांच्याकडे जावयाला आमरस तरी कुठे मिळतो?