श्वास रोखून दाढी

४ मार्च, मंगळवार
आज मास्तरांनीही तोंड फिरवलं! फेस लावेपर्यंत नीट गप्पा मारत होते. मी वस्तरा घेऊन वाकलो — तर डोळे गच्च मिटले, ओठ आवळले. म्हणाले, "आज मुलाच्या हातून होऊ दे." आणि गालांवर फेस घेऊन उठून माझ्या मुलाच्या खुर्चीत जाऊन बसले.

वास. दुसरं काय! डॉक्टरीणबाईंनी भात, पाव, बटाटा, गोड सगळं तोडलं, तेव्हापासून तोंडाला कुजक्या सफरचंदासारखा वास येतो. त्या म्हणतात, "आजोबा, साखर उतरतेय, चरबी जळतेय. चांगली खूण आहे!" त्यांचं काय जातं? त्यांना कुणाच्या नाकाशी नाक नेऊन मिशी कोरायची नसते.

५ मार्च
लवंगा चघळल्या. तुरटीच्या गुळण्या केल्या. ही म्हणते, "आधी नुसतं सफरचंद कुजलं होतं, आता त्यात लवंग पडली." स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

८ मार्च
युक्ती काढली — श्वास रोखून दाढी करायची. एका गालाला एक श्वास. मग भिंतीकडे वळून सोडायचा. हनुवटीपर्यंत आलो आणि डोळ्यांपुढे अंधारी! खुर्चीतला कुलूपवाला ओरडला, "अहो काका, तुम्हीच बसा खुर्चीत, मी उठतो!" सगळं दुकान हसलं. मुलगा हसला नाही. तेच जास्त लागलं.

९ मार्च
मुलगा म्हणाला, "बाबा, वास जाईपर्यंत तुम्ही गल्ल्यावर बसा."
जाईपर्यंत! पथ्य तर जन्माचं आहे. गल्ल्यावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या? मिसरूड फुटायच्या आधीपासून वस्तरा धरतोय. तो सुटला की मी नुसता घरातला म्हातारा. खाऊन पडून राहावं म्हटलं, तर खायलाही बंदी!

११ मार्च
गल्ल्यावर. माझी खुर्ची रिकामी. मुलाकडे रांग.

१२ मार्च
भात खाल्ला. वर बटाटा. सूनबाई धावत आली — "बाबा, साखर चढेल हो!" चढू दे. मेलो तर न्हावी म्हणून मरेन. ही ताट उचलून आत गेली, ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

१९ मार्च
वास गेला! हिच्या नाकाशी जाऊन फुंकलं. "नाही येत," म्हणाली. पण चेहरा उतरलेला. पाय जड झालेत, सारखी तहान लागते. लागू दे. वस्तरा परजून ठेवलाय. उद्या खुर्चीवर.

२० मार्च
माझ्या खुर्चीत कुणी बसलं नाही. दुकान बंद करताना मुलाने माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला. हळूच.
"बाबा, तुमचा हात थरथरतो. वास होता तोवर मला हे सांगावं लागत नव्हतं."