भाचीनं निवडलेला वेचा

गुटू,
४ सप्टेंबर १९९६

चि. त्सित्सीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. मामीनं भाजलेल्या शेंगा बसबरोबर पाठवल्या आहेत. वाटेत खाऊ नकोस, असं कंडक्टरला बजावलं आहे.

पावसाआधी बियाण्याला आशीर्वाद देतात, त्या रविवारी चर्चमध्ये तू उपदेश करावास अशी सर्वांची इच्छा आहे. गावची पोर हरारेच्या बायबल कॉलेजात शिकते म्हटल्यावर माझी मान ताठ होते. बायबलमधला वेचा मात्र असा निवड, की लोक माझं, म्हणजे आपल्या मुखियाचं, ऐकू लागतील. झुंडेच्या सामाईक शेतात गेल्या साली राबायला चारच बायका आल्या. यंदा तिथे मीच माझं सूर्यफूल लावणार आहे. जमीन पडीक ठेवून कुणाचं भलं होतं?

तुझा मामा,
मुरंबिवा

हरारे,
१५ सप्टेंबर १९९६

ती. मामांस, सा. न. वि. वि.

शेंगा पोचल्या. पाव हिस्सा कंडक्टरच्या पोटात गेला असावा.

वेचा निवडला. दावीद राजानं दुसऱ्याची बायको हिरावली, तेव्हा नाथान संदेष्ट्यानं त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगितली. घरी कळप असून त्यानं गरिबाची एकुलती एक मेंढी कापली. राजा खवळला, तर नाथान म्हणाला, तो माणूस तूच. राजापुढे एवढं धाडस त्याला झालं कसं, यावर वर्गात वाद झाला. मी म्हटलं, नाथान नक्की दावीदाचा भाचा असणार. सगळे हसले. पण भर सभेत मुखियाची कानउघाडणी करायचा मान आपल्याकडे भाच्यांचा, हे गोऱ्या प्राध्यापकांनी वहीत टिपून घेतलं.

मामा, तो मान आज मी वापरते. झुंडेचं शेत नावाला मुखियाचं; धान्य विधवांचं आणि पोरक्यांचं. रुवाराशे आजीकडे मेलेल्या लेकीची तीन लेकरं आहेत. ती काय खातील? चारच बायका आल्या हे खरं, पण तुम्ही स्वतः कुदळ घेऊन गेला होता का? आजोबा मुखिया असताना सर्वांच्या आधी जात.

राग आला तर येऊ द्यावा, माया तेवढी कमी करू नये.

आपली,
त्सित्सी

गुटू,
९ ऑक्टोबर १९९६

चि. त्सित्सीस, आशीर्वाद.

दोन आठवडे मी तुझं नाव घेतलं नाही. पोरीला बोलवायचंच नाही, असं मामीला सांगून टाकलं. ती मात्र रोज तुझं पत्र साद्झाच्या ताटाशेजारी आणून ठेवायची.

शेवटी गुरुवारी, शेतीच्या सुट्टीच्या दिवशी, मी सभा बोलावली आणि ते सगळं मोठ्यानं वाचलं. कुदळीची ओळही गाळली नाही. मग रुवाराशे आजी म्हणाली, "बियाणं मी निवडून ठेवते. तू ये म्हणजे झालं." मला रडू आलं, आणि ते गावानं पाहिलं.

शनिवारी शेणखताची गाडी घेऊन मी पहिला पोचलो. ऊन चढेपर्यंत आणखी अकरा गाड्या आल्या. सूर्यफुलाचं बी मी घराजवळच्या तुकड्यात लावीन.

तू नक्की ये. मात्र उपदेशाला दुसरा वेचा शोध. नाथानाचा उपदेश झाला, मीच केला.

तुझा, कान उघडलेला मामा,
मुरंबिवा