सिनाईचा मठ आणि शिंदे

६ डिसें. ८७
महापरिनिर्वाण दिन. जयभीम मनातल्या मनात, कारण खोलीत शिंदे. वाळूजच्या कंपनीनं आम्हा दोघांनाच मशीन बसवायला सिनाईच्या वाळवंटात धाडलंय. एक खोली, एक स्टोव्ह. स्वयंपाक तो करतो, फोडणी झकास. मला ‘जाधवराव’ म्हणतो. जाधव दोन्हीकडं असतात, त्यानं मराठा धरलं. मीही हूं की चूं केलं नाही. परदेशात नसती कटकट कशाला!
आज त्याचं गाव कळलं. कन्नड तालुक्यातलं. नाव ऐकून हातातला घास खाली ठेवला, आत्याचं गाव. अठ्ठ्याहत्तरला तिथं आमच्या लोकांची घरं जाळली, तेव्हापासून ती आमच्याकडं औ.बादला. विषय काढलेला तिला खपत नाही. कोंबड्यांची डाल उचलली न् पळाले, एवढंच सांगते.

८ डिसें.
मशीनचा सुटा भाग कैरोहून यायचाय, तोवर काम बंद. शिंदे म्हणाला, “डोंगराखाली ख्रिश्चनांचा लई जुना मठ हाय म्हणं. सोनंनाणं हाय आत. जाऊ की.”

९ डिसें.
डोकं चालत नाही. क्रमानं लिहितो.
मठ कसला, किल्लाच. भोवती उघडेबोडके डोंगर, गवताची काडी नाही. आत चांदीचे दिवे लोंबतायत, लाकडी फळ्यांवर सोन्यात रंगवलेले संत, हजार वर्षांपूर्वीचे. एका येशूचे दोन डोळे दोन माणसांचे वाटतात. एक मायाळू, दुसरा जाब विचारणारा. एका संत बाईचा वाळलेला हात पेटीत ठेवलाय, बोटांत अंगठ्या! शहारलो. बाहेरच्या खोलीत मेलेल्या साधूंच्या कवट्यांचा ढीग, सरपण रचावं तसा. मोठ्या धर्मगुरूंची हाडं मात्र वेगळी. म्हटलं, इथंही आहेच का.
मग ते झुडूप. म्हातारा साधू इंग्रजीत सांगत होता, देव ह्यात आग होऊन आला, झुडूप पेटलं पण जळालं नाही. मी शिंदेला मराठीत सांगितलं. तो हसायला लागला.
“जाधवराव, आमी लावलेली आग बघाया पायजे व्हती ह्यानं. पार राख!”
“कुठं?”
“गावात. नामांतराचा ठराव झाला न् तवा. राकेलचा डबा म्याच आणला व्हता. एक बाई कोंबड्यांची डाल घिऊन पळत सुटली, लई हसलो.”
मला सांगत होता. आपला माणूस समजून.
साधूनं विचारलं, तुमचा मित्र का हसतोय? मी म्हणालो, माहीत नाही. झुडूप हिरवंगार होतं. परत येताना जीपमध्ये... पुढं लिहवत नाही.

१० डिसें.
पोट बिघडलंय म्हणून पडून राहिलो. शिंदेनं मऊ भात करून दिला, वर लिंबू पिळलं. “खावा, बरं वाटंल.” ह्याच हातांनी डबा आणला. गळा धरावासा वाटला. भात खाल्ला. चांगला झाला होता, त्याचाच जास्त राग आला.

१३ डिसें.
सांगून टाकलं. सुटा भाग आला, मशीनखाली दोघं आडवे पडून बोल्ट आवळत होतो.
“ती डालवाली बाई माझी आत्या.”
त्याचा हात थांबला. “म्हंजी तुमी...”
“व्हय. आम्ही.”
लांबून हातोडीचे आवाज येत होते. मी त्याच्याकडं बघितलं नाही.
“जित्ती हाय का?”
“आहे.”
“तिनं वळखलं व्हतं मला. नजरानजर झाली व्हती. नाव घेतलं का कधी माझं?”
“नाही. कुणाचंच नाही.”
तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “आमच्या घरची समदी बाळंतपणं तिनंच केलेली. माझंबी.”
मला धक्काच बसला. म्हणजे हसला तेव्हाही त्याला ठाऊक होतं, ती कोण ते.
“औरंगाबादला गेल्यावर तिच्याकडं येऊ का?”
हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. पाना त्याच्या हातातून काढून घेतला आणि उरलेले बोल्ट मीच आवळले.