रूथची माफी

१७ मार्च १९७४, रविवार

चर्चमध्ये उपासनेनंतर आम्हा पंचांची कमिटी बसली. विषय – माझीच मुलगी. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर रूथ स्टुडिओत शूटिंगला गेली होती, गर्दीतली एक म्हणून. आता पडद्यावर देवळातल्या आरतीत हात जोडून उभी दिसते. आकाराम मास्तरांनी ठराव मांडला: मंडळीसमोर उभं राहून माफी मागेपर्यंत तिला प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस बंद.

मी विचारलं, "मास्तर, सिनेमा पाप म्हणता. मग हा बघितला कुणी?"

"पाव्हण्यांच्या आग्रहानं गेलतो की. त्याचा हितं काय संबंध?"

ठराव पास. मी बाजूनं हात वर केला नाही. विरोधातही नाही.

१८ मार्च

रूथला सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. हसली. "बरं झालं, पप्पा. इतकी वर्षं मागच्या बाकावर बसते, कुणी नाव विचारलं नाही. आता कळलं तरी."

२३ मार्च

वर्तमानपत्राच्या कचेरीतच रूथसाठी माफीच्या चार ओळी लिहिल्या. कुणाच्याही निधनाची बातमी मी चहा निवायच्या आत लिहितो. याला दुपार गेली. रूथनं वाचलं. "चांगलं लिहिलंय. पण मला वाईट कशाचं वाटायला हवं, ते यात कुठाय?"

खोडायला गेलो. काय खोडू तेच कळेना.

३१ मार्च, रविवार

पाळकसाहेबांचं लांबलचक प्रवचन – तरुण मुलं चर्चपासून दूर का जातात. सिनेमा, फॅशन, रेडिओ. ऐकायला तरुण म्हणजे रूथ, आणि म्हाताऱ्या बयाबाईंचा नातू. तो झोपलेला.

बाहेर बयाबाईंनी मला धरलं. "पोरीला दोन शब्द बोलाय काय झालंय? आमी न्हाय व्हय मागितली माफी? भावाच्या लग्नात अक्षता टाकल्या म्हणून उभं केलतं मला."

"मग बरं वाटलं?"

"बरं कशाचं. पर जाणार कुठं हुतो?"

७ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पुढच्या रविवारी ईस्टर, प्रभुभोजन. माफी अजून नाही. घरी आल्यावर माझाच तोल गेला. दोन मिनिटांचं काम आहे, म्हटलं, कशाला ताणतेस? रूथ म्हणाली, "लहानपणी तुमच्याशेजारी बसायला मिळायचं म्हणून यायचे. पंच झाल्यापासून तुम्ही पुढच्या बाकावर."

जेवलो नाही.

१२ एप्रिल, उत्तम शुक्रवार

रूथ काळी साडी नेसून आली. बसली, गेली.

१४ एप्रिल, ईस्टर

द्राक्षरसाच्या पेल्यांचं तबक फिरवायची पाळी माझी. शेवटच्या बाकाशी रूथला ओलांडून पुढं जायचं होतं. थांबलो. तबक तिच्यापुढं धरलं. मागं मास्तर खाकरले. धरूनच उभा राहिलो.

रूथनं वर बघितलं. राग नव्हता – असता तर बरं झालं असतं. पेला न उचलता तबक तिनं हळूच शेजारच्या बाईंकडं सरकवलं.